घरातील ऐतिहासिक ठेवा कोणाला द्यावा: सोलापुरातील संग्रहालयाला की पुण्यातील संशोधन संस्थेला?

जुना वाडा पाडायचा ठरला की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. मोडीतील खतपत्रे, गिरणीतील हजेरीची कार्डे, हातमागाचे धोटे, १९३० च्या मार्शल लॉच्या काळातील पत्रके असे बरेच काही सोलापूरच्या घरांतून अजून शिल्लक आहे. ते रद्दीत घालायचे नाही एवढे नक्की झाल्यावर दोन पर्याय समोर येतात: जवळचे संग्रहालय किंवा पुण्यासारख्या शहरातील नामवंत संस्था. अशा वेळी कोणती संस्था मोठी, याचा विचार मागाहून करावा. आपली वस्तू कोठे ओळखली जाईल, हे आधी पाहावे.

धोट्याचेच उदाहरण घ्या. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी बसवलेला, वर्षानुवर्षे हाताळून गुळगुळीत झालेला हा तुकडा दूरच्या दालनात 'विणकामाचे साधन' एवढ्याच चिठ्ठीखाली राहील. सोलापुरात मात्र पूर्व भागातील एखादा वयस्क विणकर तो पाहताच कोणत्या मागाचा, हे सांगू शकेल. मार्शल लॉच्या कागदांनाही हेच लागू पडते. ९ ते ११ मे १९३० या दिवसांत शहरावर इंग्रजांची सत्ता उरली नव्हती, म्हणून सरकारने मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल पुकारला, आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या काळच्या पत्रातील गल्लीचे किंवा पेठेचे नाव उलगडणारा वाचक याच शहरात भेटण्याची शक्यता अधिक. शेजारच्या तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावपरिसरातून जमवलेला पुरावस्तूंचा संग्रह गावातच राहिला, म्हणून आजही तेथील प्राचीन अवशेष आणि त्या वस्तू एकाच भेटीत पाहता येतात. अर्थात संग्रहालय जवळचे आहे एवढ्यावर विसंबू नये. नोंदवही आहे का, कुलूपबंद कपाटे आहेत का, उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणाऱ्या खोलीत तर वस्तू ठेवल्या जात नाहीत ना, हे स्वतः जाऊन पाहावे.

मोडी दप्तर असेल तर मात्र माझा कौल पुण्याकडे आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत मोडी वाचणारे अभ्यासक येत असतात, आणि वतनाच्या किंवा इनामाच्या कागदाचा अर्थ इतर दप्तरांशी ताडून पाहिल्यावरच पुरता उलगडतो. सोलापूरच्या अभ्यासकांसाठी स्कॅन केलेली प्रत येथे ठेवण्याचा आग्रह तेवढा जरूर धरावा.

कायमचे दान द्यायचे की ठरावीक मुदतीसाठी वस्तू ठेवायला द्यायची, हाही प्रश्न आहे. मुदतीचा करार घरच्यांना सोयीचा वाटतो. पण परत जाणाऱ्या वस्तूच्या जतनावर खर्च करायला संस्था बिचकते, आणि एक पिढी सरली की करार कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नसते. म्हणून सर्व वारसांच्या सह्यांचे दानपत्र करून कायमचे दान देणे मला अधिक योग्य वाटते. त्याला प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, मापे व सद्यःस्थिती यांची यादी जोडावी आणि संस्था बंद पडल्यास वस्तू कोणाकडे जातील, हेही लिहून घ्यावे. वस्तू कायम प्रदर्शनात असावी अशी अट मात्र घालू नये. सततच्या उजेडाने कापड विटते आणि शाई उडते. पत्रे व रोजनिशा देताना त्या छापण्याच्या हक्काचा उल्लेख वेगळा करावा, कारण कागद दिला म्हणजे त्यातील मजकुराचा हक्क आपोआप दिला असे होत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सामान्यतः १०० वर्षांहून जुनी वस्तू, आणि मोल असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित, पुरावस्तू ठरते. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी सक्तीची असून मालकी बदलल्यास नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. पाया खोदताना नाण्यांचा हंडा सापडला, तर तो दान देण्याचा अधिकार आपल्याकडे नसतो. जमिनीत सापडलेल्या धनाविषयीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

वस्तू सुपूर्द करण्यापूर्वी पितळ चिंचेने घासू नये आणि फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. त्याऐवजी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ बसून वस्तू कोणाची, कोणत्या गिरणीतील किंवा पेठेतील, घरात कशी आली, हे लिहून काढावे आणि तो कागद दानपत्रालाच जोडून द्यावा.