मिरर्स एज : पडणं आणि उतरणं

गेम सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. मी गच्चीच्या कडेला जाऊन माऊस ओढला आणि खाली बघितलं. सवयच ती. दोरीवरून सुटण्याआधी खाली गादी नीट आहे ना, हे बघून घ्यायची सवय मला आठव्या वर्षी लागली. इथे गादी नव्हती. कितीतरी मजले खोल रस्ता होता, त्यावर खेळण्यातल्यासारख्या गाड्या होत्या, आणि त्या सगळ्याच्या अलीकडे दोन पाय होते. लाल बुटांतले. माझेच.

माझा धाकटा भाऊ बंदुकीचे जे गेम खेळतो, त्यात खाली बघितलं की बहुतेक वेळा नुसती फरशी दिसते. माणूस म्हणजे हवेत तरंगणारे दोन हात आणि एक बंदूक. मिरर्स एजमध्ये खेळणाऱ्याला अंग आहे. त्या अंगाला वजन आहे, दम आहे, आणि ते वाईट उतरलं तर त्याला लागतं. भावाने जुना लॅपटॉप देताना सांगितलं होतं, "ताई, यात एक गेम ठेवलाय, पळायचा. तू खेळून बघच." त्याला मी काय सोडलंय ते माहीत होतं.

मी साताऱ्याची. आठ वर्षं दोरीचा मल्लखांब केला. सोळाव्या वर्षी एका स्पर्धेत उतरताना उजवा गुडघा आत वळला आणि अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, चालणं, जिने, गाडी सगळं परत आलं. उडी परत आली नाही. आज मी छत्तीस वर्षांची आहे, पुण्यात हिशेबाचं काम करते. गेमिंगमधलं मला फार कळत नाही. उतरण्यातलं कळतं, आणि त्या एका गोष्टीवरून मी हा गेम जोखला आहे.

गेम तसा जुना. स्टॉकहोमच्या डाइस स्टुडिओने तो बनवला, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने नोव्हेंबर २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आणला, आणि जानेवारी २००९ मध्ये तो विंडोजवर आला. हे लोक तोवर बॅटलफील्ड या युद्धाच्या गेमसाठी, म्हणजे रणगाडे आणि तोफांसाठी ओळखले जायचे. त्यांनी एक मुलगी घेतली आणि तिला गच्च्यांवरून पळायला लावलं.

शहराला नाव नाही. तिथल्या लोकांनी सुरक्षितता आणि सुखसोयींच्या बदल्यात आपलं खासगी आयुष्य सरकारच्या हाती देऊन टाकलंय. तारेतून, फोनमधून जाणारा प्रत्येक शब्द तपासला जातो. ज्यांना काही गुप्त पाठवायचं असतं ते रनरना गाठतात. रनर ती वस्तू पिवळ्या पिशवीत घालून पाठीवर बांधतात आणि रस्ते सोडून छपरांवरून पोचवतात. फेथ कॉनर्स ही त्यांच्यातली एक. तिची बहीण केट मात्र पोलिसात आहे. महापौरपदाच्या शर्यतीत असलेल्या रॉबर्ट पोप नावाच्या माणसाच्या प्रेताजवळ केट सापडते, खुनाचा आळ तिच्यावर येतो, आणि फेथची धावाधाव सुरू होते. पुढचं सांगत नाही.

मला ही कल्पना फार पटली. फोन ऐकता येतो, पत्र फोडता येतं, पण आठ फुटांच्या दरीवरून उडी मारणाऱ्या पोरीच्या पाठीवरची पिशवी तिला पकडल्याशिवाय उघडता येत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकावर आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद फोनवर होते. कामाच्या मावशी कधी आल्या आणि कधी गेल्या हे पाचव्या मजल्यावर बसून कळतं. मावशींना आमच्याबद्दल तसं काही कळत नाही. गेममधलं ते पांढरं, धुतल्यासारखं शहर बघताना मला दर वेळी ते फाटक आठवतं.

आणि शहर खरंच पांढरं आहे. झाडांची पानंसुद्धा पांढरी, हिरवा रंग बाहेर जवळजवळ नाहीच. त्यात मधेच एखादी अख्खी भिंत नारिंगी, एखादा जिना गर्द निळा. नारिंगी भिंतीचा उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर हलका सांडलेला दिसतो. हा प्रकाश आधीच मोजून पृष्ठभागांवर बसवून ठेवलेला आहे, त्यामुळे त्या वेळच्या यंत्रांवरही तो चालला आणि आजही शिळा वाटत नाही. दुपारी बाराच्या उन्हात डोळे बारीक करावेसे वाटतात, इतका तो खरा आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. पाळत ठेवली जातेय असं सगळे सांगतात, लिफ्टमधल्या पडद्यांवर बातम्या सरकत राहतात, पण खेळताना पाळत अंगावर येत नाही. कॅमेऱ्याच्या नजरेतून निसटायचं, एखाद्या कोपऱ्यात थांबून राहायचं, असं काही करावंच लागत नाही. पोलीस येतात ते ठरलेल्या जागी येतात. आणि ज्यांच्यावर ही पाळत आहे ती साधी माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. एवढं मोठं शहर, आणि गच्चीत कपडे वाळत घालणारी एक बाई नाही. मला ती हवी होती. तिने फेथला बघून न बघितल्यासारखं केलं असतं, तर त्या शहराबद्दल मला दहा बातम्यांपेक्षा जास्त कळलं असतं.

आता मुख्य गोष्ट. कळा अगदी थोड्या. वर जाण्याचं सगळं स्पेसवर, खाली जाण्याचं सगळं डाव्या शिफ्टवर, आणि गर्रकन मागे वळायला क्यू. भिंतीला तिरकं भिडून स्पेस दाबलं की भिंतीवरून पळता येतं, समोरून भिडलं तर भिंत चढता येते. पळता पळता शिफ्ट दाबलं की पाइपाखालून घसरत जाता येतं. हवेत असताना तेच शिफ्ट दाबलं तर ती पाय पोटाशी घेते आणि कुंपणाची तार चुकते. वेगासाठी वेगळी कळ नाही. सलग धावत राहिलं की वेग हळूहळू चढतो, आणि एक वाकडं पाऊल पडलं की सगळा जातो. हे मला इतकं ओळखीचं वाटलं की मी खुर्चीत सरसावून बसले. दोरीवर असंच असतं. एका अढीतून दुसरीत जाताना मधे थांबलात, तर थांबल्याचं ओझं पुढच्या तिन्ही पकडींना सोसावं लागतं.

उंचावरून पडताना जमीन यायच्या बरोबर आधी शिफ्ट दाबलं तर फेथ कोलांटी घेते. पडद्यावर आकाश, गुडघे, जमीन, परत आकाश असं फिरतं आणि ती पळत बाहेर पडते, वेग तसाच. क्षणभर उशीर झाला तर धप्प आवाज, घशातून निघालेला हुंकार, नजर जमिनीकडे झुकलेली, आणि वेग शून्य. मधलं काही नाही. फेथचं हे पळणं म्हणजे पार्कूर, वाटेतले अडथळे ओलांडत धावण्याची फ्रान्सची विद्या. पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात दाविद बेल आणि त्याच्या सोबत्यांनी ती घडवली, आणि दाविदने तिची मुळं वडिलांकडून, रेमाँ बेल यांच्याकडून घेतली होती. त्यांची कोलांटी सरळ पाठीवरून जात नाही. एका खांद्यावरून तिरकी विरुद्ध बाजूच्या कमरेकडे उतरते, म्हणजे मणका वाचतो आणि पडण्याचा जोर पुढे पळण्यात जातो. आमच्याकडे उलट होतं. दोरी सोडली की पाय जुळलेले, गुडघे सैल, हात समोर, आणि तिथेच खिळून उभं राहायचं. एक पाऊल सरकलं तरी गुण गेले. त्यामुळे पहिले दोन दिवस माझं बोट शिफ्टवर जायलाच तयार नव्हतं. मी पडद्यासमोर बसून जुळवल्या पायांनी उतरत होते आणि फेथ दर वेळी कण्हत होती.

आणि पडणं. उडी चुकली की कानात वारा भरतो, कडा धूसर होतात, जमीन वाढत जाते, आणि शेवटी तो आवाज येतो. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा माझा हात आपोआप उजव्या गुडघ्यावर गेला. हेडफोन काढून मी पाणी प्यायला उठले. पाच मिनिटांनी परत येऊन तीच उडी मारली. त्या रात्री ती उडी मी बहुतेक तीस वेळा मारली असेन. गेम तुम्हाला थोड्याच मागे आणून उभं करतो, काही हिरावून घेत नाही, आणि ही त्याची मोठी माया आहे. गुडघा गेला त्या दिवसानंतर मला ती उडी परत मारून बघायला कुणी दिली नव्हती.

वाट दाखवायची रीतही सुरेख. उपयोगाची वस्तू जवळ आली की लाल होते. पाइप, फळी, दार. गोंधळ झाला तर एक कळ दाबून फेथची मान योग्य दिशेला वळवता येते. पहिल्या खेपेला हा लाल रंग राहू द्या, दुसऱ्या खेपेला पर्यायांत जाऊन बंद करा. मग पांढऱ्या शहरात वाट तुम्हाला शोधावी लागते आणि कळतं की लाल वाटेच्या शेजारी किती वाटा होत्या.

बंदुकीची बाजू मला आवडली नाही. पोलिसाच्या हातातलं शस्त्र क्षणभर लाल होतं, तेव्हा नेमकी कळ दाबली तर ते हिसकावता येतं. हे हिसकावणं छान आहे, डावासारखं. पण काही खोल्यांत गेम तुम्हाला कोंडतो आणि चहूबाजूंनी गोळ्या सुरू होतात. शेवटच्या प्रकरणातल्या लॉबीत मी इतक्या वेळा मेले की रात्री झोपेत तेच खांब दिसले. जड बंदूक घेतली की फेथचा वेग मरतो, गोळ्या संपल्या की भरता येत नाहीत, म्हणजे गेमलाही ती तिच्या हातात नकोच आहे. मग कोंडलं कशाला? कुणावरही गोळी न झाडता गेम संपवला तर प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवर टेस्ट ऑफ फेथ नावाचं पदक मिळतं. मी दुसऱ्या खेपेला तसाच संपवला आणि मला वाटतं खेळायची खरी रीत तीच आहे.

प्रकरणांच्या मधली सपाट कार्टूनं लवकर विसरली. दोन बहिणींचं नातं मात्र लक्षात राहिलं. त्यांची आई लहानपणीच निदर्शनांच्या वेळी मारली गेलेली, आणि त्यानंतर एक बहीण वर्दीत गेली, दुसरी छपरांवर. संगीत सोलर फील्ड्स या नावाने रचना करणाऱ्या स्वीडिश संगीतकाराचं. एकटं असताना ते मागे मागे राहतं आणि पाठलाग लागला की छातीत येतं. हेडफोन हवेतच, कारण फेथचा श्वास ऐकूनही वेग कळतो.

संगणकावर घेणाऱ्यांना एक सूचना. काच फुटली की माझा लॅपटॉप अक्षरशः थिजायचा. व्हिडिओच्या पर्यायांत फिजएक्स, म्हणजे काचांचे तुकडे वगैरे खऱ्यासारखे हलवणारी सोय, बंद केलं आणि प्रश्न मिटला. पडद्याच्या मधोमध एक बारीक ठिपका असतो, तो काढू नका. नजर त्यावर टेकवली की गरगरणं कमी होतं. मला पहिल्या दिवशी चांगलंच गरगरलं, तिसऱ्या दिवशी नाही.

दुसरा भाग, कॅटलिस्ट, जून २०१६ मध्ये आला. तो मी अर्धा खेळून ठेवून दिला. शहर आता मोकळं, त्याला ग्लास असं नाव, आणि फेथच्या हातून बंदूक कायमची काढून घेतली हे उत्तम केलं. लांब झोका घ्यायला दोरही आहे, त्याने मी खूश व्हायला हवं होतं. पण पाय पोटाशी घेणं आणि कोलांटी या गोष्टी सुरुवातीला येतच नाहीत, गुण साठवून त्या मिळवाव्या लागतात. उतरायला शिकवल्याशिवाय आमच्या बाईंनी कुणाला दोरीवर चढू दिलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. पहिलाच घ्या. कथा मला दहा-एक तास पुरली, आणि वेळेच्या शर्यती अजून पुरताहेत.

या शर्यतींत तुमच्या आधीच्या सर्वोत्तम धावेची एक सावली तुमच्याबरोबर पळते. प्लेग्राउंड वन या छोट्या मार्गावर मला दोन तारे आहेत, तिसरा हवाय. काल रात्री मी सावलीच्या पाठोपाठ शेवटच्या गच्चीवर पोचले. ती माझ्या अर्धं पाऊल पुढे होती. आम्ही दोघींनी एकदमच उडी मारली, आणि खाली ती जड उतरली. मी तिच्या अंगातून कोलांटी घेत पुढे गेले, आणि तारा एवढ्याशासाठी हुकला. आज जेवणं लवकर उरकायची आहेत.