सामान ट्रकमध्ये चढलं आणि भाव बदलला

हे फौजेत आहेत. यांची पोस्टिंग फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी आली. मुलांची केंद्रीय विद्यालयातली शाळा तुटू नये म्हणून मी सातारला गावी न जाता दोघांना घेऊन जालंधरहून पुण्याला यायचं ठरवलं. यूनिट आधीच हललं होतं. बांधाबांध, मुलांचे शाळेचे दाखले, गॅस, क्वार्टर रिकामं करून देणं, सगळं एकटीनं.

इंटरनेटवर सापडलेल्या एका पॅकर्स-मूव्हर्सवाल्यानं ‘फौजींसाठी खास दर’ म्हणून 38,000 सांगितले. बाकीचे 55,000 च्या खाली येत नव्हते. तो ‘भाभीजी, भाभीजी’ करत यांच्या यूनिटची चौकशी करायचा, त्याला मी भुलले. 15,000 आगाऊ दिले, तेही कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी खासगी खात्यावर. बिल्टी, म्हणजे सामान ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, मागितली तर ‘ऑफिसमधून पाठवतो’ म्हणाला. यांचं नाव आणि नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंका चढताना मी बघत उभी राहिले, पण ट्रकचा नंबर टिपून घेतला नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीच्या नियमानुसार लागणारं ऑनलाइन बिल) नाही म्हणून गाडी अडवलीय, 28,000 दंड भरा, नाहीतर सामान गोदामात जाईल. पुण्यात क्वार्टरची वेटिंग होती. भाड्याच्या रिकाम्या खोलीत मुलं चटईवर झोपत होती आणि यांचा फोन लागत नव्हता. मी पैसे पाठवले. बदलीला मूळ पगाराच्या 80 टक्के ग्रँट मिळते, ती सगळी यातच गेली.

पुन्हा 12,000 मागितले तेव्हा शेजारच्या सुभेदार साहेबांच्या मिसेसनी मला थांबवलं. ‘अगं, घरच्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागतच नाही, जीएसटीच्या नियमातच सूट आहे,’ ताई म्हणाल्या. त्यांनीच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तेव्हाच समोरच्या खात्यात ते गोठवता येतात. मी तीन दिवस घालवले होते.

बायांनो, पक्की बिल्टी हातात आल्याशिवाय ट्रकचं दार लावू देऊ नका. तिच्यावर गाडीचा नंबर आणि ठरलेलं भाडं हवं. सामानाच्या यादीवर मूव्हर्सवाल्यांची सही घ्या. दागिने, कागदपत्रं, पदकं स्वतःजवळ ठेवा.

आमचं सामान एकविसाव्या दिवशी आलं. फ्रिज नव्हता, वॉशिंग मशीन नव्हतं. एका ट्रंकेचं कुलूप तोडलेलं होतं, यांची पदकं त्यातच होती. यांना अजून सांगितलेलं नाही; सुट्टीवर आले की सांगेन.