गाडीतला बाहेरच्या तापमानाचा सेन्सर बदलून दहा महिने झाले, त्याचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये आईला घेऊन जांबोटीच्या रस्त्यानं गोव्याला निघालो होतो. कणकुंबी सोडली आणि धुकं, पाऊस दोन्ही एकदम आले. काच आतून पांढरी झाली. एसी लावला तर वारा नुसता दमट. एका हातानं काच पुसत चोर्ला घाटाची वळणं उतरलो. तशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बेळगावला आल्यावर एका गॅरेजात दाखवलं. गॅस कमी झालाय म्हणून १,८०० रुपये घेऊन गॅस भरला. त्या दिवशी ऊन होतं, एसी चालला. पुढच्या पावसात पुन्हा तेच. या वेळी डॅशबोर्डच्या मीटरकडं लक्ष गेलं: बाहेरचं तापमान उणे ४०! आधी कधी तो आकडा बघायची सवयच नव्हती.

उद्यमबागेकडं ओळखीचे वायरिंगवाले मिस्त्री आहेत. त्यांनी फोनवरच सांगितलं, "गॅसला हात लावू नका ओ, पुढचा सेन्सर तुटलाय. गाडीला वाटायलंय बाहेर बर्फ पडायलाय." आणि तसंच होतं. बाहेर फार थंडी आहे असं दिसलं की गाडी कंप्रेसर सुरूच होऊ देत नाही. कंप्रेसर नाही म्हणजे हवेतला ओलावा निघत नाही आणि काच साफ होत नाही.

माझ्या गाडीत हा सेन्सर बंपरच्या जाळीमागं आहे, काही गाड्यांत तो आरशात असतो. त्याला दोनच वायरी. तापमान वाढलं की त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी होतो, उतरलं की वाढतो. तो तुटला की वीज जातच नाही, म्हणून गाडीला कडाक्याची थंडी वाटते. मिस्त्रींनी सॉकेट काढून मल्टिमीटर लावला, सेन्सरमधून काहीच जात नव्हतं. पण त्यावर ते थांबले नाहीत. चावी चालू करून सॉकेटमध्ये ५ व्होल्ट येतात का बघितलं, मग सॉकेटच्या दोन पिना तारेनं जोडल्या. डॅशबोर्डवरचा आकडा उणे ४० वरून एकदम वर गेला. म्हणजे वायरिंग ठीक, दोष सेन्सरमध्येच. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याशिवाय सेन्सर विकत घेऊ नका. वायर तुटली असेल तर नवा घालूनही उणे ४० च दिसणार. आमच्या सेन्सरला बारीक चीर होती, पिनांवर हिरवा गंज.

स्पेअरच्या दुकानात "याव मॉडेल री?" (कुठलं मॉडेल?) विचारून त्यांनी लगेच दिला, ६५० रुपये. बसवण्याआधी घरी तपासला: बर्फाच्या पाण्यात जेवढा रोध, मुठीत धरल्यावर त्याच्या साधारण चौथा हिस्सा. पिना साफ केल्या, सेन्सर बसवला. आकडा लगेच बदलला नाही म्हणून घाबरू नका. पुष्कळ गाड्या तो मुद्दाम हळू बदलतात, थोडं अंतर चालवावं लागतं.

दहा महिन्यांत एकदाही दगा नाही. डिसेंबरच्या पहाटे अंगणातल्या थर्मामीटरशी एका अंशाचा फरक होता. हायवेला आकडा बरोबर असतो. टिळकवाडीत रेल्वे गेटला थांबलो की तीन-चार अंश जास्त दाखवतो, कारण रेडिएटरची धग तिथं साचते. तो दोष नव्हे. बेळगाव साधारण ७५० मीटरवर, त्यामुळे घाट उतरून साखळीला जाईपर्यंत आकडा चार-पाच अंश चढतो. आई आता मागून विचारते, "किती झालं रे?" या जूनच्या पहिल्या पावसात चोर्ल्याला काच शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, आणि तिनं पूर्ण घाट बाहेर बघितला.

तक्रार एकच. नव्या सेन्सरची प्लॅस्टिकची क्लिप कमजोर आहे. खानापूरकडच्या खड्ड्यांनी ती मार्चमध्ये तुटली, तेव्हापासून केबल टायनं बांधलाय. दर सर्व्हिसला बंपरखाली वाकून तो जागेवर आहे ना, एवढं बघतो.