घरघंटी घेऊन आठ महिने झाले, एकीले गहू चालत नाही अन् एकाले साखर

गेल्या सप्टेंबरात पोरीला सिलियाक निघाला, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही तो आजार. आधी रक्ताची टीटीजी टेस्ट, मग एंडोस्कोपी, आणि डॉक्टर म्हणाले गहू, रवा, मैदा, दलिया, जव सगळं जन्मभर बंद. बाबांची (सासरे) शुगर तर जुनीच आहे. मला वाटलं चला, दोघांचं पथ्य एकाच डब्यात भागेल. तिथंच फसले.

विकतचं ग्लुटेन फ्री पीठ आणलं, महाग तर होतंच, पण पाकीट उलटं करून वाचलं तर पहिलं नाव तांदळाचं पीठ, दुसरं टॅपिओका स्टार्च, म्हणजे जवळपास साबुदाणाच की! पोरीचं पोट शांत अन् बाबांची जेवणानंतरची शुगर वर. मग बाबांसाठी 'शुगर फ्री' बिस्किटं आणली तर ती मैद्याची, वर गोडीला माल्टिटॉल, बाबांनी एका बैठकीत सहा खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसले.

शेवटी आपल्या ज्वारीवरच आलो. ज्वारी, बेसन, जवस, तीळ, शेंगदाणे, ही पाच दोघांनाही जमतात, फक्त बाबांना भाकरी मोजून दोनच, ज्वारीतही स्टार्च आहेच ना. वडाभात, गोळाभात पोरीला, बाबांना नुसते गोळे अन् कढी.

आता घरघंटीचं. कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्या भाऊंनी बिचाऱ्यांनी खूप केलं, आधी किलोभर ज्वारी फिरवून ते पीठ बाजूला काढायचे, पण त्याच दगडावर दिवसभर गहू. ग्लुटेन फ्री लेबलची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, एवढ्याशात चक्कीचा काय भरोसा, म्हणून 1 एचपीची घरघंटी घेतली, तिच्यात गव्हाचा दाणा पडू द्यायचा नाही हा घरातला कायदा. ज्वारी नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीतून पोत्याने घेते, पण निवडायला बसावंच लागतं, मूठभर तरी गहू निघतोच त्यात. बेसनही घरीच, चण्याची डाळ आणून. पीठ चारपाच दिवसांपुरतंच दळते, शिळं पीठ विरी जातं आणि भाकरी थापताना तुटते. तांदूळ धुतले तर खडखडीत वाळवूनच टाका, मी एकदा घाई केली, जाळी अशी चिकटली की अर्धा दिवस टाचणीने खरडत बसले.

हिंगाचं कोणीच सांगत नाही! डबीतला बांधणी हिंग बहुतेक मैद्यात बांधलेला असतो, मी दोन महिने पोरीच्या वरणाला तोच फोडणीत टाकत होते. तांदळाच्या पिठातला मिळतो, डबी वाचून घ्या. सोया सॉसमध्येही बहुतेक गहू असतो. लाकडी पोळपाट-लाटणं पोरीचं वेगळं केलं, लाकडाच्या फटीत कणीक बसते, धुऊन जात नाही.

गोडाचं म्हणाल तर स्टीव्हियाच्या चहाला बाबा म्हणाले, "कडुलिंब टाकला का वं?" एरिथ्रिटॉल बरं आहे, साखरेपेक्षा थोडं कमी गोड लागतं, चक्का घरचा असला तर श्रीखंडात चालून जातं. पण संक्रांतीला तिळगूळ करायला गेले, पाक काही होईना, थंड झाल्यावर खडे धरले अन् जिभेवर पेपरमिंटसारखं गार लागलं. लाडू फुटले, आम्ही चमच्याने खाल्ले. आणि गुळाला साखर नाही म्हणणाऱ्यांनो, गूळही साखरच आहे बरं का, बाबांचं मीटर फरक करत नाही.

घरघंटीला पाचपैकी चार. एक कापला आवाजासाठी, मे महिन्याच्या दुपारी लावली तर वरच्या काकू काठीने फरशी ठोकतात. राजगिरा बारीक निघत नाही माझ्याकडे, कोणती जाळी लावता तुम्ही?