पॅनासॉनिकचा सीआर२०३२ सेल: गाडीच्या चावीत घरीच टाकला, दहा महिन्यांनंतर लिहितेय

एवढ्याशा सेलचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण चावीतल्या सेलने मला एकदा चांगलंच अडकवलंय आणि नंतर कळलं की बदलायचं काम दहा मिनिटांचं आहे, गडबड होते ती सेल घेताना. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आमची बलेनो आहे, पुश बटण स्टार्टवाली. सहा वर्षांत चावीतला सेल पहिल्यांदा संपला तेव्हा मी ऑनलाइन पाच सेलची एक स्वस्त पट्टी मागवली, कंपनीचं नाव नाही लिहीत, आणि त्यातला एक टाकला. चार महिने बरे गेले. मग जानेवारीत सासूबाईंना घेऊन महाबळेश्वरला गेलो, सकाळी साडेसहाला निघायचं होतं, वेण्णा लेकच्या बाजूला दव गोठतं तसली थंडी, आणि गाडी उघडेचना. दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं, रिमोटचं दाबलं, काही नाही. आई शाल गुंडाळून शेजारी उभ्या, "अगं आदल्या रात्री तर उघडली होती ना" म्हणत होत्या, आणि खरंच उघडली होती.

तेव्हा उपयोगी पडलं ते हे. स्मार्ट कीच्या आत एक लोखंडी चावी असते, बाजूचा खटका सरकवून ती बाहेर ओढायची आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपात लावायची. आमच्या गाडीचा अलार्म वाजायला लागला, घाबरू नका, गाडी चालू झाली की थांबला. चालू करायला क्लच दाबून धरायचा, रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवायचा आणि मग ते बटण दाबायचं. रिमोटमधली चोरीविरोधी चिप सेलवर चालत नाही, गाडीकडूनच तिला जवळून वीज मिळते, त्यामुळे सेल पूर्ण मेला तरी गाडी चालू होते. हे मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं पण ते आपण वाचतो कधी, तर एवढं पान आजच वाचून ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर क्लचच्या जागी ब्रेक.

दुपारी वाईत जेवायला थांबलो तर रिमोट परत चालू! मला वाटलं आपोआप सुधारला. नंतर कारण कळलं. हे सेल ३ व्होल्टचे लिथियमचे, आणि त्यांचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सरळ राहतं, मग शेवटी एकदम घसरतं, म्हणून चावी हळूहळू मरत नाही, एका सकाळी बंदच पडते. त्यात थंडीत सेलच्या आतला रोध वाढतो, बटण दाबलं की सिग्नल पाठवायला जो क्षणभर करंट लागतो तो देता येत नाही, आणि ऊन लागलं की तोच सेल परत काम करतो. थंडीत चाललं नाही आणि दुपारी चाललं असं झालं तर तो सेल संपतच आलाय असं समजा.

पुण्यात आल्यावर आधी सर्व्हिस सेंटरला फोन केला, तिथे सेल, लेबर आणि वर प्रोग्रामिंग धरून सहाशे रुपये सांगितले. प्रोग्रामिंग कशाला हे मला पटेना. बहुतेक रिमोटमधे कोड अशा मेमरीत असतो जी वीज गेली तरी पुसली जात नाही, सेल काढला घातला की रिमोट तसाच चालतो. मग मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. तिथल्या दुकानदार काकांनी स्वस्त पट्टीतला सेल हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले, "ताई, हा हलका आहे, लूज घेऊच नका, सीलबंद पॅक घ्या." त्यांनी पॅनासॉनिकचा दिला, मागे इंडोनेशिया लिहिलेलं. एकाला पन्नास रुपये पडले, मी चार घेतले. घरी सोन्याच्या छोट्या काट्यावर दोन्ही ठेवून बघितले, पॅनासॉनिकचा जवळपास ३ ग्रॅम आणि पट्टीवाला त्याच्याहून स्पष्ट हलका. हलका म्हणजे आत माल कमी, हे मला पटलं. पॅनासॉनिकच्या सेलची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास असते.

नंबरचा अर्थ पण समजून घ्या, कारण इथेच बऱ्याच जणांची चूक होते. २०३२ म्हणजे व्यास २० मिलीमीटर आणि जाडी ३.२ मिलीमीटर, नवीन लहान एक रुपयाच्या नाण्याएवढा गोल. सीआर२०२५ त्याच व्यासाचा पण २.५ जाडीचा, म्हणजे बसतो पण सैल, चावी खाली पडली की कनेक्शन तुटतं, शिवाय क्षमता पण कमी. माझ्या जावेच्या चावीत असाच २०२५ कोणीतरी टाकला होता आणि ती महिनाभर चावी हातावर आपटून गाडी उघडत होती. आणि दोन सीआर२०१६ एकावर एक ठेवले की जाडी बरोबर ३.२ होते पण व्होल्टेज ६, सर्किटचं वाटोळं होईल. तुमच्या चावीत कोणता लागतो हे जुन्या सेलवरच लिहिलेलं असतं, काही गाड्यांमधे १६२० किंवा १६३२ असतो, तेव्हा अंदाजाने घेऊ नका.

बदलायला मी असं केलं. लोखंडी चावी काढली की तिच्या जागी आत एक फट दिसते, चपट्या तोंडाच्या स्क्रू ड्रायव्हरला टोकाशी रुमालाचा तुकडा गुंडाळला, फटीत घालून हळू फिरवला, टक असा आवाज आला आणि दोन भाग सुटले. नुसता स्क्रू ड्रायव्हर घातला तर प्लास्टिकच्या कडा कुरतडल्या जातात, मऊ प्लास्टिक असतं ते. जुना सेल काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, प्लसची बाजू वर होती का खाली हे नंतर आठवत नाही आणि प्रत्येक कंपनीच्या चावीत ते वेगळं असतं. सेल उचलताना नखाने किंवा प्लास्टिकच्या काडीने उचला, लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या तर शॉर्ट होतो. नवीन सेल कडेने धरून बसवला, पत्र्याच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसल्या, त्या पट्ट्या वाकवू नका. पट्टी नीट टेकली नाही तर नवीन सेल पण मेल्यासारखा वाटतो. काही कंपन्या लहान मुलांनी गिळू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात, त्याने कधीकधी कनेक्शन नीट होत नाही, तेव्हा तो भाग स्पिरिटने पुसायचा. माझ्यावाल्यावर अशी अडचण आली नाही.

झाकण दाबून बसवायच्या आधी बटण दाबून लाल दिवा लागतो का बघितलं आणि मगच बंद केलं. पार्किंगमधे जाऊन उभी राहिले, पूर्वी दाराशी जाऊन दाबावं लागायचं, आता लिफ्टजवळूनच गाडीने डोळे मिचकावले, खूप बरं वाटलं. दहा महिने झाले, एकदाही अडलं नाही, आणि डिसेंबरमधे परत महाबळेश्वरला जायचंय तेव्हा थंडीत कसा वागतो ते बघेन. तक्रार म्हणाल तर एकच, पॅकचं प्लास्टिक कात्रीशिवाय उघडत नाही. पण ते तसंच हवं, त्याचं कारण पुढे.

माझी भाची दीड वर्षाची आहे आणि दिसेल ते तोंडात घालते. हा सेल तोंडात गेला तर नुसती वस्तू गिळली असं समजू नका, २० मिलीमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो, लाळेमुळे करंट वाहायला लागतो आणि तिथे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होऊन दोन तासांतच आतून भाजतं. उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट हॉस्पिटलला न्या आणि एक्स-रे काढायला सांगा. संपलेला वाटणारा सेल पण धोक्याचाच, कारण चावी चालवायला कमी पडणारी वीज भाजायला पुरते. म्हणून जुना सेल काढला की लगेच दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावायची आणि डबीत. कचऱ्याच्या बादलीत टाकू नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत असे छोटे सेल पण येतात, मी सोसायटीत ई-कचरा घ्यायला येतात तेव्हा देते.

पॅनासॉनिकला माझे पाचपैकी पाच. चारांपैकी एक माझ्या चावीत, एक घरच्या दुसऱ्या चावीत, कारण ती ड्रॉवरमधे पडून असली तरी तिचा सेल पण सहा वर्षांचा झाला होता, आणि एक जावेला दिला. चौथा पॅक न उघडता गाडीच्या कागदांच्या पाकिटात ठेवलाय, गुंडाळलेल्या रुमालाच्या तुकड्यासकट, आणि त्यावर आईंनी स्केचपेनने तारीख लिहून दिलीय.