नागपूरच्या धंतोलीतला करार कायद्याचा वर्ग: सहा आठवडे, सहा हजार रुपये

वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मी नऊ वर्षं बिल्ट्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, बनवल्या. गेली दोन वर्षं सिव्हिल लाइन्समध्ये एका वकील मॅडमच्या ऑफिसात आहे. फायली लावायच्या, तारखा डायरीत चढवायच्या, नोटिसांचे कच्चे मसुदे टाइप करायचे, हे माझं काम. मॅडम एक दिवस म्हणाल्या, "कागद तू नीट सांभाळतेस, आता तो वाचायला शीक." म्हणून पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कागदपत्रांचं, काम करणाऱ्यांसाठी धंतोलीत चालणाऱ्या या वर्गात नाव घातलं. वर्गाचं नाव इथे लिहीत नाही. पुढे काही तक्रारी आहेत, त्या मी सरांना तोंडावर सांगून झाल्या आहेत.

शनिवारी संध्याकाळी दोन तास, रविवारी सकाळी तीन तास, असे सहा आठवडे. फी सहा हजार, दोन हप्त्यांत घेतात. आमच्या बॅचला एकोणीस जण होते: लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं, इतवारीतल्या एका अडत दुकानाचा हिशेब पाहणारे काका, दोन टायपिस्ट आणि कामठीहून येणारा एक मुलगा. बर्डीला मेट्रोतून उतरून मी चालत जायची.

पहिल्या दिवशी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. प्रत्येकाला घरातला एक कागद आणायला सांगितलं होतं. कोणी भाड्याचा करार आणला, कोणी मंडपवाल्याची पावती, कोणी फ्रिजचं वॉरंटी कार्ड. मी मामाची चिठ्ठी आणली. मामाची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. चार वर्षांपूर्वी मृग बहाराचा माल त्याने झाडावरच एका व्यापाऱ्याला दिला होता. सौदा चार लाखांचा, इसार म्हणजे आगाऊ रक्कम पन्नास हजार, तोड व्यापाऱ्याने करायची. फेब्रुवारीत गारपीट झाली आणि फळांचा खाली सडा पडला. व्यापारी इसार परत मागायला आला. मामा म्हणाला, माल तुला विकला, आता तो तुझा. दोन वर्षं बोलणं बंद होतं, शेवटी गावातल्या लोकांनी मध्ये पडून पंचवीस हजारांवर मिटवलं. आमच्या घरात या गोष्टीवर अजूनही आवाज चढतात.

सरांनी ती चिठ्ठी फळ्याला चिकटवली. वहीच्या अर्ध्या पानावर सहा ओळी आणि खाली दोन सह्या. कामठीच्या मुलाने लगेच विचारलं, "सर, गारपीट झाली तं मंग पैसे कोनाचे गेले?" सर म्हणाले, "चिठ्ठीला विचार." आणि पुढचे अडीच तास आम्ही तेच केलं.

झाडावरचं फळ म्हणजे जमीन की माल, इथून सुरुवात झाली. माल विक्री अधिनियम १९३० चा. त्यात मालाच्या व्याख्येत उभं पीक येतं आणि जमिनीला चिकटलेल्या पण सौद्यानुसार तोडून न्यायच्या वस्तूही येतात. म्हणजे संत्री हा माल. मग पुढचा प्रश्न, तो विकला गेला होता की विकायचं फक्त ठरलं होतं? कलम ४ मध्ये विक्री आणि विक्रीचा करार असे दोन वेगळे प्रकार आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मालकी आजच गेली तर विक्री. पुढे कधी किंवा एखादी अट पुरी झाल्यावर जायची असेल तर विक्रीचा करार. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर जोखीम मालकीच्या मागोमाग जाते, हे कलम २६.

मग सरांनी विचारलं, सौदा उक्ता, म्हणजे सगळ्या मालाची एकच रक्कम ठरवून, होता की टनावर? चिठ्ठीत "अंदाजे वीस टन" असं होतं आणि त्याच्याच खाली "एकूण चार लाख" असंही. सर या दोन ओळींपाशी बराच वेळ थांबले. माल तयार असेल पण किंमत ठरवायला विकणाऱ्याने तो मोजून द्यायचा बाकी असेल, तर मोजणी होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी जात नाही, असं कलम २२ सांगतं. टनावरचा सौदा धरला तर फळं मामाचीच होती आणि गाराही मामाच्याच डोक्यावर. उक्ता धरला तर व्यापाऱ्याची बाजू पडते. पण तिथेही, न तोडलेलं फळ द्यायच्या स्थितीत आलं होतं का, हा वाद उरतोच. मालकी गेलीच नव्हती असं ठरलं तर कलम ८ लागतं: कोणाची चूक नसताना ठरलेला माल नष्ट झाला की सौदा रद्द होतो. आणि करार शून्य झाला की त्याखाली घेतलेला फायदा परत करायचा, हे करार कायद्याचं कलम ६५. म्हणजे इसार परत.

सरांनी निकाल दिला नाही. दोन्ही बाजूंनी आम्हालाच बोलायला लावलं. इतवारीचे काका व्यापाऱ्याकडून बोलले आणि मला मामापेक्षा त्यांचं म्हणणं पटायला लागलं, तेव्हा मी गप्प बसले. शेवटी सरांनी खडूने एकच ओळ लिहून घेतली: "तोडणीपूर्वी गारपीट, वादळ वा अवकाळी पावसाने होणारे नुकसान ____ यांनी सोसावे." एवढी एक ओळ त्या चिठ्ठीत असती तर मामा आणि तो व्यापारी आजही एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेले असते.

या वर्गात मला सगळ्यात जास्त काय मिळालं तर हे. १८७२ च्या करार कायद्याची कलमं कोणीही पाठ करून घेईल. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, सज्ञान पक्ष, मोकळी संमती, कायदेशीर उद्देश ही यादी आमच्याही वहीत आहे. पण इथे प्रत्येक शब्द आधी हातातल्या कागदात शोधायला लावतात आणि मगच त्याचं कलम सांगतात. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. मूळ कायद्याचं पुस्तक इंग्रजी आहे, त्याची मला भीती वाटायची. सर आधी "मोबदला" म्हणतात, मग "प्रतिफल", आणि त्यानंतर इंग्रजी शब्दावर बोट ठेवतात. चौथ्या आठवड्यात मी कलम ७४ स्वतःहून वाचलं आणि समजलं: करारात दंडाची रक्कम कितीही लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. मंडपवाल्याच्या पावतीवरचं "ॲडव्हान्स परत मिळणार नाही" हे वाक्य त्या दिवसापासून मी वेगळ्या नजरेने वाचते.

निवाडे सर गोष्टीसारखे सांगतात. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३ चा प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजांच्या काळातलं सर्वात वरचं न्यायालय) निकाल, सगळ्यांना माहीत असतो: अज्ञानाने, म्हणजे अल्पवयीनाने, केलेला करार मुळातच शून्य. पण सरांनी त्यातली दुसरी बाजू दाखवली. कर्ज देणारा सावकार स्वतः तिथे नव्हता, व्यवहार त्याच्या वतीने एक ॲटर्नी (वकील) बघत होता. मुलगा अज्ञान आहे असं कळवणारं पत्र मुलाच्या आईच्या वतीने त्या ॲटर्नीकडे आलं होतं. न्यायालय म्हणालं, जे याला माहीत ते सावकारालाही माहीत होतं असंच धरायचं. आमच्यासारख्यांसाठी यात फार मोठी गोष्ट आहे. पत्र ज्याच्या टेबलावर येतं त्याने ते दाबून ठेवलं तर त्याचा भार पक्षकारावर पडतो. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी आवक रजिस्टरमध्ये "मॅडमना दाखवले" असा नवीन रकाना आखला.

कामठीच्या मुलाची गोष्टही सांगते. त्याच्या आधीच्या मालकाने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता, वर नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात कुठेही काम करायचं नाही असं कलम. सरांनी दोन्हींत फरक करायला शिकवलं. नोकरी सोडल्यानंतरची बंदी कलम २७ ला अडते. पण ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर अमुक रक्कम भरा, ही अट प्रत्येक वेळी बाद होतेच असं नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये असा बाँड मान्य केला आहे. तो म्हणाला, "म्हंजे मी काय करू, सर?" सर म्हणाले, "हे वकिलाला विचार. तू इथे कागद वाचायला शिकतोयस, सल्ला द्यायला नाही." ही सीमारेषा सर दर आठवड्याला पुन्हा आखतात आणि मला ते फार योग्य वाटतं. आपण तारखांचा तक्ता करू शकतो, कागद क्रमाने लावू शकतो, मसुदा मांडून देऊ शकतो. पक्षकाराला "तुम्ही जिंकाल" म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

भागीदारीचा भाग एका रविवारी उरकला. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, हे कलम ६९ ऐकून इतवारीचे काका वर्गातूनच फोन करायला बाहेर गेले, एवढं मात्र आठवतं.

आता तक्रारी. व्यापारी न्यायालयांना फक्त वीस मिनिटं मिळाली. तीन लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात, तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. आमच्या ऑफिसात याच पायरीवर पक्षकार सगळ्यात जास्त गोंधळतात. यावर एक पूर्ण सत्र हवं. व्हॉट्सॲपवर ठरलेल्या सौद्यांबद्दल विचारलं तर "पुढच्या बॅचला घेऊ" असं उत्तर मिळालं. आज कळमन्यात असो की बुटीबोरीत, ऑर्डर फोनवरच जाते. ती पुरावा म्हणून कशी जपायची हे आम्हीच शिकलो नाही तर कोण शिकणार? खोलीत पंखे दोन आहेत आणि मे महिन्यात ते पुरत नाहीत.

खरा राग मात्र नोट्सचा. वर्गासोबत ऐंशी पानांची झेरॉक्स देतात, ती जुन्या बॅचची तशीच चालत आली आहे. पान ३१ वर चेक बाउन्सचं कलम १३८ आहे. तिथे लिहिलंय, बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी. ही मुदत २००२ च्या दुरुस्तीने तीस दिवस झाली आहे. पंधरा दिवस असतात ते नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला, आणि ते उलटले की एका महिन्यात तक्रार दाखल करायची. नोटिशीची मुदत चुकीने कमी लिहिली तर काय बिघडतं, असं एका मुलाने विचारलं. बिघडतं. सोळाव्या दिवशी मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, घेऊन आलेल्या माणसाला कोणीतरी "आता वेळ गेली" म्हणून परत पाठवेल. आमच्या ऑफिसात एक बाई अशीच कोणाच्या तरी सांगण्यावरून घरी बसली होती, आणि आमच्याकडे आली तेव्हा तीस दिवसही उलटून गेले होते. करारासाठीच्या स्टँप पेपरचंही तेच. नोट्समध्ये शंभर रुपये आहे, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशे लागतात.

सरांना मी मेमो आणि तारखा मांडून दाखवल्या. त्यांनी त्याच तासाला सगळ्यांकडून दुरुस्ती करून घेतली, चिडले नाहीत, उलट मला फळ्यापाशी बोलावून तारखांची रेघ काढायला लावली. पण झेरॉक्सवाल्याकडची मूळ प्रत अजून तीच आहे, मागच्याच आठवड्यात पाहून आले.

तरीही जा. ऑफिसात काम करत करत शिकणाऱ्याला एवढ्या पैशांत दुसरीकडे असं शिकवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी घरातला असा कागद न्या ज्यावरून खरोखर भांडण झालंय. आणि नोट्स हातात आल्या की आधी पान ३१ काढा, नोटिशीपुढचे पंधरा खोडून तीस करा, मग स्टँपचे शंभर खोडून पाचशे.