बोराबाजारातले लेन्सवाले काका : मॅक्रोचा फोकस बंद पडला तर आधी इथे दाखवा

मुंबईत ज्यांच्याकडे डीएसएलआरच्या जमान्यातली मॅक्रो लेन्स (अगदी जवळून किडे-फुलं टिपायची) आहे आणि तिचा ऑटोफोकस चालेनासा झालाय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. फोर्टात बोराबाजारच्या गल्लीत, सीएसएमटीवरून चालत पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर एक काका लेन्स रिपेअर करतात. एकटेच असतात, एक टेबल, एक दिवा आणि मागे सुट्या पार्टांच्या डब्या. नाव टाकू नका म्हणाले, एका माणसाला झेपेल तेवढंच काम घेतात, म्हणून नाही टाकत. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आणि ते चार मुख्यतः निदानासाठी आहेत, रिपेअर नंतरची गोष्ट.

माझी लेन्स १०० एमएम, एफ २.८, १:१ वाली, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाएवढी उमटते. लक्षण असं की लांबचं सगळं खटाखट फोकस व्हायचं, झाडं, माणसं, समोरच्या बिल्डिंगची गॅलरी, आणि जवळ जात गेलं की एका ठिकाणी लेन्स गप्प. फोकस लागल्याचा हिरवा ठिपका नाही, आवाज नाही. म्हणजे मॅक्रो सोडून बाकी सगळं चालू. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर लेन्स कॅमेऱ्याला लावूनसुद्धा बघितली नाही, मोटर गेली म्हणाले आणि एस्टिमेट हातात दिलं, त्या पैशात बाजारात चांगली सेकंडहँड लेन्स मिळाली असती. कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण हा प्रॉब्लेम कुठल्याही कंपनीच्या अशा लेन्सला होऊ शकतो आणि मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

काकांनी स्क्रू-ड्रायव्हरला हातच लावला नाही सुरुवातीला. म्हणाले, "ताई, तुमच्याच कॅमेऱ्यावर लावा आणि काय होतं ते मला दाखवा." मग त्यांनी जे काय एकेक करून बघितलं ते प्रत्येक मॅक्रोवाल्याने घरी करून बघावं असं आहे, निम्म्या लेन्स तर दुकानापर्यंत यायच्याच नाहीत असं त्यांचंच म्हणणं.

पहिलं म्हणजे लेन्सच्या अंगावरचे स्विच. एएफ-एमएफ (ऑटो की मॅन्युअल फोकस) सगळ्यांना माहीत असतं पण मॅक्रोवर अजून एक असतो, फोकस लिमिटर. तो अर्धा मीटर ते इन्फिनिटीवर राहिला तर लेन्स अर्ध्या मीटरच्या आत फोकस शोधतच नाही, आणि बॅगेतून काढताना तो सहज सरकतो. लक्षण अगदी माझ्यासारखंच दिसतं, लांबचं चालू जवळचं बंद! फरक इतकाच की लिमिटरमुळे असेल तर ती दर वेळी बरोबर त्याच अंतराला थांबते. काकांनी स्विच नुसता बघितला नाही, दोन्ही बाजूंना बऱ्याच वेळा सरकवून बघितला, कारण आतला कॉन्टॅक्ट काळवंडला की वरून स्विच 'फुल'वर दिसतो आणि आत मात्र लिमिटरच लागलेला असतो.

दुसरं अंतर. १०० एमएमची मॅक्रो साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत फोकस करते पण हे ३० सेन्सरपासून मोजायचे, लेन्सच्या तोंडापासून नाही. प्रत्यक्षात लेन्सच्या पुढे पंधराएक सेंटिमीटरच उरतात. त्याच्या आत किडा आला तर कितीही चांगली लेन्स फोकस करणार नाही. आणि उलट, एक्स्टेंशन ट्यूब लावलेली असेल तर लांबचं फोकस होणार नाही, ते बिघडलेलं नसतं, ट्यूब काढली की परत येतं.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, उजेड. १:१ ला पोचेपर्यंत एफ २.८ ची लेन्स दोनेक स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे काम एफ ५.६ च्या आसपासच्या लेन्ससारखं होतं. बऱ्याच डीएसएलआरचे फोकस पॉइंट एफ ५.६ पर्यंतच भरवशाचे असतात, त्यात संध्याकाळ, त्यात झाडाखाली, त्यात वाऱ्यावर हलणारी टाचणी (चतुरासारखा नाजूक किडा), मग लेन्स पुढे-मागे पुढे-मागे करत राहते. याला बिघाड म्हणायचं नाही. टॉर्चचा उजेड टाका, मधला पॉइंट घ्या, काँट्रास्ट असलेली कडा पकडा, लागतं फोकस. तसंही १:१ ला एफ २.८ ठेवलं तर फुलफ्रेमवर शार्प भाग अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो आणि एफ ११ केलं तरी मिलिमीटरपेक्षा थोडासाच जास्त, त्यामुळे इतक्या जवळ मॅन्युअल ठेवून स्वतः पुढे-मागे झुलणं हेच जास्त कामाचं. काकांनी टेबलवरचा दिवा थेट रुपयाच्या नाण्यावर टाकून बघितलं. तरी गप्प. धडपडत नव्हती, सरळ मरत होती. तिथे ते म्हणाले की आता आतलं काहीतरी आहे.

मग मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. खोडरबर घासायचा सल्ला खूप जण देतात, काका नको म्हणतात, चुरा कॅमेऱ्यात जातो. दुसऱ्या बॉडीवर लावून बघितली, तेच. फोकस रिंग हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, कुठे अडकत नाही, खरखर नाही, म्हणजे वाळू किंवा तुटलेला रोलर नाही. (ज्या लेन्समध्ये रिंग नुसती इलेक्ट्रॉनिक असते, एसटीएम म्हणजे स्टेपिंग मोटरच्या लेन्ससारखी, तिथे कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून काही कळत नाही, हे पण त्यांनीच सांगितलं.)

आणि मग त्यांनी कॅमेरा उलटा केला. खाली तोंड करून जवळचं फोकस, बंद. वर छताकडे तोंड करून तितक्याच अंतरावर हात धरला, आणि फोकस झालं! तिथेच निदान. मोटर गेली असती तर लांबचंही झालं नसतं आणि दिशेने फरक पडला नसता. आत फोकसच्या काचांबरोबर एक फ्लेक्स हलते, पातळ पट्टी असते तांब्याच्या रेषांची, आणि साडीच्या घडीवर जशी जर विरते तशी ती रोजच्या दुमडण्याने घडीवर तडकते. काचा जवळच्या फोकसच्या जागी गेल्या की तडा उघडतो, करंट तुटतो, लांबच्या जागी आल्या की परत जुळतो. हे सगळं लेन्स न उघडता, माझ्यासमोर, प्रत्येक पायरीला काय वगळलं ते सांगत.

उघडल्यावर फ्लेक्सच निघाली. नवीन पार्ट मिळत नाही म्हणून फंगस लागून बाद झालेल्या त्याच मॉडेलच्या लेन्समधली काढून लावली, हे आधी स्पष्ट सांगून विचारलं, वापरलेला पार्ट चालेल का. मोटरला हात लावला नाही. साडेचार हजार घेतले, सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या पाव भागसुद्धा नाही, आणि तीन महिन्यांची तोंडी गॅरंटी. परत देताना वर्तमानपत्र तिरकं आणि सरळ ठेवून फोटो काढून दाखवले, फोकस पुढे-मागे पडत नाहीये ना, चारही कोपरे सारखे आहेत ना. आंबोलीला पावसात, बेडकांवर आणि पानांखालच्या कोळ्यांवर वापरली, वर-खाली कशीही धरा, चालते.

घरी उघडायच्या भानगडीत मात्र पडू नका. जपानी लेन्सचे स्क्रू जेआयएस (जपानी मापाचे) असतात, घरातला साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर लावला की डोकी झिजतात, आणि माउंटखाली (लेन्स कॅमेऱ्याला बसते ती कडी) कागदासारख्या पातळ चकत्या असतात त्यातली एक इकडची तिकडे झाली तर इन्फिनिटीचा फोकसच जातो.

आता एक स्टार का कापला. सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर लेन्स मिळाली, फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं, ठाण्या-डोंबिवलीहून येणाऱ्याला हे परवडत नाही. छापील बिल नाही, वहीत नोंद करतात, त्यामुळे लेन्स देताना सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा आणि त्यांच्या वहीतल्या नोंदीचाही काढा. जाताना स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि दोन्ही कॅप घेऊन जा, आणि बॅक बटन फोकस (शटरऐवजी मागच्या बटनाने फोकस) सेट केलं असेल तर आधी बंद करा, नाहीतर शटर अर्धं दाबून काही होत नाही आणि त्यांचा वेळ फुकट जातो. रविवारी बंद असतं. दुपारी जेवायच्या वेळेत जाऊ नका, अकराच्या सुमारास गर्दी नसते आणि ते निवांत बघतात.